मोतीबिंदूची ‘रोबोटिक’ शस्त्रक्रिया : काय अपेक्षा धरावी?

सुपात तांदूळ निवडताना खडा दिसेनासा होतो. मागावर तुटलेला धागा सापडत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. वडगावातील आपल्या घरांत अशा वेळी वडीलधारी माणसे म्हणतात, “वय झालं, चालायचंच.” पुष्कळदा हा मोतीबिंदू असतो. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ झालेले असते. ते थेंबांनी, गोळ्यांनी किंवा झाडपाल्याने पुन्हा स्वच्छ होत नाही. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे हाच एक उपाय आहे.

अलीकडे जाहिरातींत ‘रोबोटिक’, ‘ब्लेडलेस’ असे शब्द वाचायला मिळतात आणि घरात दोन मते पडतात. मुलगा म्हणतो, “कर्ज काढू, पण रोबोटच पाहिजे.” आजी म्हणते, “यंत्राच्या हाती डोळा द्यायचा नाही.” आज आम्ही या दोघांचेही समाधान करू पाहतो.

पूर्वी काय होते?

१९४९ साली इंग्लंडमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी प्रथम डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. ते आपल्याकडे सर्वत्र पोहोचायला बराच काळ गेला. बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव नेत्रशिबिरे घेत. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची त्यांची नोंद आहे. त्या काळी भिंग काढून टाकत आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे. आज तसे राहिलेले नाही.

‘रोबोट’ म्हणजे नेमके काय?

आपोआप हात चालवून सगळी शस्त्रक्रिया उरकणारा यंत्रमानव अजून नेहमीच्या वापरात आलेला नाही. जाहिरातीतील ‘रोबोटिक’ म्हणजे बहुतेक वेळा संगणकाने चालवलेला फेम्टोसेकंद लेसर असतो. मोतीबिंदूसाठी तो २००८ साली हंगेरीत डॉ. झोल्टान नॉज यांनी प्रथम वापरला. हा लेसर तीन कामे करतो : बुबुळाच्या कडेला बारीक छेद देणे, भिंगाच्या पिशवीला गोल तोंड पाडणे आणि गढूळ भिंगाचे तुकडे करणे. ते तुकडे बाहेर काढणे आणि नवे भिंग बसवणे ही कामे मात्र डॉक्टरांच्याच हातची आहेत. म्हणून आजीने निश्चिंत असावे. डोळा डॉक्टरांच्याच हाती असतो.

त्या दिवशी काय होते?

थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळा बधिर करतात. लेसरच्या वेळी डोळ्यावर एक कडी बसवतात. त्यामुळे थोडा दाब जाणवतो, दिवे दिसतात. हे काम साधारण मिनिटभराचे असते, पण तेवढा वेळ स्थिर पडून राहावे लागते. मग डॉक्टर ध्वनिलहरींच्या यंत्राने तुकडे ओढून घेतात आणि घडीचे भिंग आत सरकवतात. टाका बहुधा लागत नाही. रोगी त्याच दिवशी घरी जातो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नये. तो काही दिवसांत जातो.

लेसरने दृष्टी जास्त चांगली येते का?

मुलाने येथे लक्ष द्यावे. फ्रान्समध्ये ९००हून अधिक आणि ब्रिटनमध्ये ७८५ रोग्यांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. लेसर सुरक्षित ठरला, पण लेसरशिवाय होणाऱ्या नेहमीच्या ‘फेको’ शस्त्रक्रियेपेक्षा दृष्टी अधिक चांगली आली नाही. खर्च मात्र वाढला. शिवाय बाहुली नीट मोठी होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा डाग असेल, तर लेसर अनेकदा वापरताच येत नाही. फार पिकलेल्या, कठीण मोतीबिंदूसाठी लहान छेदाची हातची शस्त्रक्रियाही उत्तम चालते. शिबिरांतून बहुधा तीच होते.

ऐपत असेल आणि डॉक्टरांनी सुचवले तर लेसर जरूर करावा. पण त्यासाठी म्हैस विकू नये, उसाच्या बिलावर उचल घेऊ नये. तसेच पैसे साठेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवूही नये. “पूर्ण पिकू दे” हा सल्ला जुना झाला. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

आधी विचारून घ्यावे

१. माझ्या डोळ्याला लेसरची गरज आहे का? तो न केल्यास काय फरक पडेल?
२. सांगितलेल्या खर्चात भिंग, औषधे आणि पुढच्या तपासण्या धरल्या आहेत का?
३. सरकारी योजनेतून किंवा शिबिरातून माझी सोय होईल का?

मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याची गोळी यांविषयी डॉक्टरांना सांगावे. लघवीच्या त्रासावर टॅमसुलोसिन घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्याने बाहुली सैल पडते. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

घरी आल्यावर

थेंब सांगितलेल्या वेळी, हात साबणाने धुऊन घालावेत. डोळा चोळू नये. झोपताना डोळ्यावर संरक्षक झाकण लावावे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नये, पोते उचलू नये, नांगर धरू नये. निपाणीकडच्या मंडळींनी तंबाखूच्या वखारीपासून दूर राहावे. मळणीची धूळ, चुलीचा धूर आणि गुरांच्या शेपटीचा फटका यांपासूनही जपावे. म्हणून घाईचे कारण नसेल तर सुगी आटोपल्यावरचे दिवस निवडावेत. जवळचे वाचायला बहुधा चष्मा लागतोच. त्याचा नंबर महिनाभराने काढतात.

दुखणे किंवा लाली वाढली, पू आला, नजर कमी झाली, डोळ्यापुढे विजा चमकल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सकाळची वाट पाहू नये.

बसवलेल्या भिंगाचे कार्ड जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवावे. आणि एका डोळ्यावरच सगळी पुंजी खर्च करू नये. दुसरा डोळाही पुढे मागे मोतीबिंदूला येतो, त्याच्यासाठीही काही राखून ठेवावे.