पदक ठेव, पाकीट परत कर

ऑस्टिन, टेक्सास
रविवार, सकाळ

प्रिय चिऊ,


दादाने काल घरच्या ग्रुपवर टाकलेला तुझा फोटो पाहिला. गणेशोत्सवाच्या पाच किलोमीटर दौडीत मुलींमध्ये पहिली! गळ्यात पदक, हातात पाकीट, केस घामाने कपाळाला चिकटलेले. आणि खाली दादाने लिहिलंय, ‘लेकीची अमेरिकेतली पहिली कमाई, शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड.’ मला खूप आनंद झाला. मग तो ‘कमाई’ शब्द पुन्हा वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन लगेच स्पीकरवर जातो आणि चौघं एकदम बोलायला लागतात. तुला हे एकटीला, शांतपणे वाचता यावं म्हणून लिहिते आहे.

ते कार्ड वापरू नकोस. आणि उद्या सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तुझ्या क्रॉस कंट्रीच्या कोचना गाठून जे झालं ते जसंच्या तसं सांग. पदक ठेव, पदकाला कुणाची हरकत नसते. प्रश्न पाकिटाचा आहे.

टेक्सासातल्या शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, चालवते. तिचा हौशी खेळाडूचा नियम असा आहे की नववीत गेल्यापासून शाळेचा खेळाडू आपल्या खेळात भाग घेतल्याबद्दल पैसे किंवा मोलाची वस्तू घेऊ शकत नाही. ‘मोलाची’ म्हणजे वापरता येईल, अंगात घालता येईल, विकता येईल किंवा खाता येईल असं काहीही. गिफ्ट कार्ड यात बसतं असं मला वाटतं. दादा म्हणेल, गणपतीच्या दौडीचा आणि शाळेचा काय संबंध? संबंध आहे की नाही हे मी ठरवायचं नाही आणि दादानेही नाही. ते कोचना ठरवू दे, त्यांना शंका आली तर ते वर विचारतील. पळणं हाच तुझा शाळेतला खेळ आहे, एवढं विचारायला पुरेसं आहे.

आपल्या घरात हे पचायला जड जाणार, मला माहीत आहे. तुझ्या आजोबांनी जत्रेच्या फडात कुस्त्या मारल्या. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे रोख इनाम आणि फेटा घेऊन घरी यायचे. त्या इनामावर त्यांचा खुराक चालायचा, आणि पैसे घेतले म्हणून त्यांना कुणी कमी पैलवान म्हटलं नाही. बक्षीस घेणं आपल्याकडे मानाचं. म्हणूनच दादाने अभिमानाने फोटो टाकला, त्याच्यावर रागावू नकोस.

हौशीपणाचा हा नियम आला इंग्लंडातून, आणि मी तो पवित्र मानत नाही. १८७९ साली हेन्लीच्या नौकाशर्यतीवाल्यांनी ‘हौशी’ कोण ते ठरवलं, तेव्हा पैशासाठी वल्हवणाऱ्यांबरोबर कारागीर आणि मजूर यांनाही बाहेर ठेवलं. हाताने काम करणारा माणूस साहेबांच्या शेजारी वल्हं मारायला नको होता. पुढे ही कल्पना ऑलिंपिकमध्ये गेली आणि तिने जिम थॉर्पला गाठलं. त्याची गोष्ट तू ऐकलेली नसशील.

थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. मूळ अमेरिकन मुलांसाठीच्या कार्लाइलच्या शाळेत शिकला. कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान पूर्ण झालं त्याच १९१२ साली त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. पण १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनात थोडक्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. तेव्हा कॉलेजची कितीतरी मुलं असं खेळत. शहाणी मुलं खोटं नाव लावत, त्याने स्वतःचंच लावलं. जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि पदकं काढून घेतली. हरकत घ्यायची मुदत त्या स्पर्धेच्या नियमांत तीस दिवसांची होती, ती कधीच उलटून गेली होती. मला नियम माहीत नव्हते, असं त्याने पत्र लिहून सांगितलं. उपयोग झाला नाही. १९५३ मध्ये तो गेला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला सहविजेता म्हणून परत घेतलं, आणि एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ साल उजाडलं. एकशे दहा वर्षं, चिऊ! त्याच्यावर अन्याय झाला असंच मी म्हणते.

तुझ्या बाबतीत मात्र यूआयएलच्या नियमात एक दार उघडं ठेवलेलं आहे. घेतलेली वस्तू नियमाबाहेरची आहे हे खेळाडूला माहीत नसेल, आणि तसं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याने ती परत केली, तर परत केल्याच्या दिवसापासून तो पुन्हा पात्र ठरू शकतो. परत केली नाही, तर घेतल्या दिवसापासून वर्षभर त्या खेळात शाळेकडून उतरता येत नाही. आता हे पत्र वाचल्यावर ‘माहीत नव्हतं’ असं तुला म्हणता येणार नाही. तुझ्यावर हे ओझं मी टाकते आहे आणि जाणूनबुजून टाकते आहे.

कारण एकदा मी ते टाकलं नाही. तुझा आतेभाऊ दहावीत असताना एका क्लबच्या स्पर्धेत जिंकला आणि त्याला बक्षीस म्हणून नवी कोरी टेनिस रॅकेट मिळाली. आठवड्याभरात दुसऱ्या एका आईने मला सांगितलं, हे चालत नाही गं, कोचना विचार. शाळेचा टीम टेनिसचा मोसम ऐन भरात होता. मी ठरवलं, मोसम संपू दे, मग बघू. त्यालाही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी कोचना बाहेरून कळलं. रॅकेट आम्ही त्याच दिवशी परत केली आणि तो पुन्हा पात्र ठरला. पण मधल्या काळात तो ज्या सामन्यांत उतरला होता ते सगळे संघ हरला असं धरलं गेलं. त्याचा दुहेरीतला जोडीदार बारावीत होता, त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष. तो मुलगा आम्हाला एक शब्दही वावगा बोलला नाही, फक्त आमच्याकडे यायचा बंद झाला. रॅकेट घेतली ती चूक अजाणतेपणी झाली होती. गप्प बसले ती माझी, समजून-उमजून केलेली. शिक्षा भोगली मुलांनी.

म्हणून दादाला सांग, ग्रुपवरचा फोटो काढू नकोस. काढला तर लपवल्यासारखं होईल. कार्ड परत देताना ज्यांनी दिलं त्यांच्याकडून ‘परत मिळालं’ अशा दोन ओळी आणि तारीख लिहून घे, आणि त्याची प्रत कोचना दे.

आता तू विचारशील, कॉलेजची मुलं तर जाहिराती करतात, मग आम्हालाच का? रास्त प्रश्न आहे. जुलै २०२१ पासून एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या संघटनेने खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायची मोकळीक दिली, आणि जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. कॅलिफोर्नियात शाळेच्या मुलांनाही, शाळेचं नाव आणि गणवेश न वापरता, जाहिरात करता येते. टेक्सासात शाळेत असेपर्यंत तशी मोकळीक नाही. तुमच्याच भागातल्या साउथलेकचा क्विन युअर्स हा क्वार्टरबॅक २०२१ मध्ये याच कारणाने बारावीचं वर्ष न खेळता ओहायो स्टेटला निघून गेला. एका राज्यात जे चालतं ते दुसऱ्या राज्यात मुलाला घरी बसवतं. मला हे विचित्र वाटतं आणि कधीतरी बदलेल असंही वाटतं. पण तुझी शर्यत पुढच्या शनिवारी आहे.

शिवाय तुझ्यासाठी एक दुसरी भिंत आहे, जी तुझ्या मैत्रिणींना दिसतही नाही. तू एच-४ व्हिसावर आहेस. त्या व्हिसावर मुलांना काम करून पैसे मिळवता येत नाहीत. उद्या कुणी म्हणालं, आमचे बूट घालून एक रील टाक, अमुक इतके देतो, तर शाळेचा नियम बदललेला असला तरी हे उरतंच. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुणाच्याही कागदावर सही करायची नाही, तू नाही आणि तुझ्या वतीने दादानेही नाही.

बाकीचं भराभर सांगते. कुठल्याही विषयात ७० च्या खाली जाऊ नकोस. गेलीस तर तीन आठवडे सराव करता येतो, शर्यतीत उतरता येत नाही. ‘पास नाही तर खेळ नाही’ हा १९८४ चा राज्याचा कायदा आहे आणि तो मला मनापासून पटतो. चांगला संघ आहे म्हणून पलीकडच्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायचं दादाच्या मनात घोळतंय असं वहिनी म्हणाली. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर मुख्य संघातून वर्षभर पळता येणार नाही, हे त्याला घर बघायच्या आधी सांग. आणि पुण्यातल्या नववीची गुणपत्रिका जपून ठेव. एनसीएएच्या वरच्या दोन डिव्हिजनमध्ये पळायचं तर १६ मुख्य विषय लागतात आणि त्यांचा हिशेब नववीपासून सुरू होतो. मूळ प्रत अजून शाळेतच असेल तर काकाला आत्ताच चक्कर मारायला सांग.

पुण्यात सणस मैदानावर पहाटे अनवाणी पळायचीस, मी सुट्टीत आले की कठड्यावर बसून बघायचे. तुझ्या पायात काय आहे ते मला ठाऊक आहे. राज्याची क्रॉस कंट्री स्पर्धा नोव्हेंबरात राउंड रॉकला असते, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. यंदा नाही तर पुढच्या वर्षी तुला तिथे बघायचंय.

पुढच्या शनिवारच्या शर्यतीला मी गाडी घेऊन येते आहे, तुला उतरवलं नाही तरी येणार. तुमच्या सगळ्या संघासाठी डिंकाचे लाडू करायचं मनात आहे. पालकांनी, चाहत्यांनी दिलेल्या खाऊला नियमात सूट आहे, पण शाळेची हरकत नसावी लागते. उद्या कोचशी बोलशील तेव्हा हेही विचार. हो म्हणाले तर सांग, मग डिंक तळायला घेते.

तुझी,
आत्या