आगोटीची बेगमी आणि घरातील सुरक्षित खोली

पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची पद्धत कोकणात फार जुनी आहे. तांदूळ, डाळी, सुकी मासळी, आमसुले आणि लाकूडफाटा यांची तजवीज मे महिन्यातच होते. या तयारीला आगोट असे म्हणतात. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले, तेव्हा असंख्य घरांत ही बेगमी झालेली होती. परंतु कौले आणि पत्रे उडाले, पाऊस थेट घरात शिरला आणि साठविलेले धान्य भिजून गेले. वादळ काही तासांत ओसरले. मात्र कित्येक गावांत वीज पुढे अनेक दिवस आली नाही, पंप बंद पडले आणि नळपाणी योजना थांबल्या. बेगमी किती आहे याइतकेच ती कोठे ठेवली आहे हेही महत्त्वाचे असते, हा या आपत्तीचा धडा होय.

खोलीची निवड

वादळात आश्रय घेण्यासाठी घरातील सर्वांत भक्कम, लहान आणि कमी खिडक्यांची खोली निवडावी. कौलारू घराच्या माजघराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असल्या, तरी वरचे छप्पर वाऱ्याला टिकेलच असे नाही. म्हणून मागाहून बांधलेली एखादी स्लॅबची खोली किंवा स्लॅबचे न्हाणीघर अधिक योग्य ठरते. लगत नारळ किंवा आंब्याचे मोठे झाड नसावे. अशी खोली नसल्यास शेजाऱ्याचे पक्के घर किंवा गावातील शाळा आधीच ठरवून ठेवावी.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. समुद्राचे पाणी शिरणाऱ्या सखल वस्तीत अथवा दरडीखालील घरात कोणतीही खोली सुरक्षित नसते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून वस्ती गाडली गेली. अशा ठिकाणी वेळेत स्थलांतर करणे हाच उपाय आहे.

साठा कोणता व किती

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर पाणी धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर पाणी लागते. ते झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत भरावे. पुढील दिवसांसाठी क्लोरिनचे द्रावण किंवा गोळ्या ठेवाव्यात. विहिरीचे पाणी उकळून घ्यावे.

पहिले दोन दिवस चूल पेटणार नाही असे गृहीत धरून पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, सातूचे पीठ असे पदार्थ हाताशी असावेत. त्यानंतरच्या आठवड्यासाठी १० ते १२ किलो तांदूळ आणि सुमारे ३ किलो डाळ घट्ट झाकणाच्या डब्यांत, जमिनीपासून उंचावर ठेवावी. बंद खोलीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नये. त्याचा धूर प्राणघातक ठरू शकतो.

नित्याची औषधे किमान १५ दिवसांची असावीत. जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. सातबारा उतारा, शिधापत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे, कारण नुकसानभरपाईच्या वेळी हीच कागदपत्रे लागतात. याखेरीज विजेरी, जादा सेल, रेडिओ, शिट्टी, दोर, झाकणाची बादली आणि रस्त्यावर पडलेली झाडे तोडण्यासाठी कोयता व करवत असावी.

वादळाच्या वेळी

इशारा मिळताच मोबाईल पूर्ण चार्ज करावा आणि गुरांची दावी सोडावीत. वादळाचा मध्य गावावरून जात असताना वारा एकाएकी पडतो. ते वादळ संपल्याचे लक्षण नव्हे. थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. म्हणून अधिकृत सूचना मिळेपर्यंत खोली सोडू नये. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

ग्रामपंचायत व शाळा

अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात उद्भवतात. २००९ चे फयान नोव्हेंबरातच आले होते. म्हणून अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला, असा वर्षातून दोनदा हा साठा तपासून बदलावा. ज्यांच्या घरी पक्की खोली नाही, तसेच एकाकी वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रिया यांची यादी ग्रामपंचायतीने मे महिन्यातच करावी व कोणी कोणाला कोठे न्यावयाचे हे नावानिशी ठरवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराचा नकाशा काढून घ्यावा आणि त्यात सुरक्षित खोली दाखविण्यास सांगावे. ज्या नकाशात ती दाखविता येणार नाही, ते घर ग्रामपंचायतीच्या यादीत सर्वांत वर असले पाहिजे.