निळ्या दिव्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका

समुद्री टँकवरचा निळा एलईडी आपल्याला मंद वाटतो आणि घात तिथेच होतो. 450 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला फार कमी जाणवतो. पोवळ्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल मात्र तोच भरभरून घेतं आणि त्यानं बनवलेल्या साखरेवर पोवळं जगतं. प्रकाश झेपेनासा झाला की शैवालात विषारी ऑक्सिजन साचतो, पोवळं त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं.

नारायणगावात आमच्या टँकवरच्या ट्यूब काढून एलईडी लावला तेव्हा हेच घडलं. बसवणाऱ्यानं तो पूर्ण क्षमतेवर ठेवला होता, तरी खोली आधीपेक्षा अंधारीच दिसे. आमची पोवळी मऊ जातीची, झोअँथिड आणि मशरूम. (खडक बांधणारी कठीण पोवळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहेत, कुणी देऊ केली तरी घेऊ नका.) आधी झोअँथिड मिटले, मग मशरूम आक्रसून फिकट झाले. पाण्यात काही दोष सापडेना. उलगडा झाला तो प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारा पार (PAR) मीटर लावल्यावर.

शेडनेटमधली टोमॅटोची रोपं एकदम भर उन्हात नेली तर काय होतं, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगायला नको. पोवळ्यालाही तसंच सरावू द्या. दिव्याच्या क्षमतेच्या 30-40 टक्क्यांपासून सुरुवात करा आणि आठवड्याला 5 टक्क्यांहून जास्त वाढवू नका. मशरूमला 50 ते 100 पार भरपूर होतं, झोअँथिडला थोडं जास्त चालतं. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप निळ्या प्रकाशात फसवतं.

पांढरं पडलं म्हणजे मेलं, असं नाही. कृपा करून ते फेकू नका. प्रकाश निम्मा करा आणि मग थांबा. घाबरून रोज बटणं फिरवली तर ते सावरतच नाही. आमचे काही मशरूम हळूहळू तपकिरी झाले, म्हणजे शैवाल परतलं. तो रंग पाहून झालेला आनंद अजून ताजा आहे.

आपल्याकडे विजेचाही विचार हवा. वीज जाऊन आली की स्वस्तातला टायमर वेळ विसरतो आणि दिवे मध्यरात्री लागतात; आत बॅटरी असलेलाच घ्या. एप्रिल-मेमध्ये पाणी 28 अंशांवर चढलं, तर प्रकाश वाढवणं थांबवा. इन्व्हर्टरवर दिव्याआधी पाणी फिरवणारा पंप जोडा, कारण पोवळं दिवसभराचा अंधार सोसतं, साचलेलं पाणी नाही.