झिनियाचें बीं आणि पाहणारा डोळा

वाचनाचा भाग : १ करिंथ ३ : ५–९

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील वाड्यांतून मोगरा व सोनचाफा दादरच्या फूलबाजारास जातो, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु ज्यांस वाडी नाहीं, केवळ अंगणाचा कोपरा अथवा एखादी कुंडी आहे, त्यांसाठीं झिनिया हें फूलझाड उत्तम होय. तें मूळचें मेक्सिकोकडील. जर्मनींतील योहान गॉटफ्रीड झिन (१७२७–१७५९) ह्या विद्वानाचें नांव त्यास मिळालें. ह्या गृहस्थानें १७५५ सालीं मनुष्याच्या डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पावसाचा जोर ओसरल्यावर, भरपूर ऊन लागेल अशा जागीं माती भुसभुशीत करून तींत कुजलेलें शेणखत मिसळावें. बीं सुमारें अर्धा सेंटिमीटर खोल पेरावें. आठवड्याच्या आंत अंकुर दिसूं लागतात. मुळांस हालविलेलें मानवत नाहीं, म्हणून जेथें वाढवावयाचें तेथेंच पेरावें व रोपें वीतभराहून थोड्या अधिक अंतरावर राखावीं. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. सुमारें दोन महिन्यांनीं फुलें येतात.

आतां मुख्य गोष्ट पाण्याची. आमच्या समुद्रकांठच्या दमट हवेंत पानें ओलीं राहिलीं कीं रोग लागतो. भुरीची पांढरी भुकटी दिसूं लागते. म्हणून सकाळीं, मुळाशींच, आणि बोटानें चांचपून माती कोरडी लागली तरच पाणी घालावें. आम्हीं पहिल्या वर्षीं नेमानें दोन्ही वेळां पाणी घातलें आणि रोपें कुजलीं. नेम पाळला, पण झाड पाहिलें नाहीं.

असाच प्रसंग पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंच फिरणाऱ्या अंतराळस्थानकांत घडला. २०१५ च्या डिसेंबरांत तेथील झिनियाच्या पानांवर फार ओलाव्यामुळें बुरशी धरली. तेव्हां अंतराळवीर स्कॉट केली ह्यांनीं विनंती केली कीं, पाणी केव्हां घालावें हें झाड पाहून मला ठरवूं द्यावें. पृथ्वीवरील अधिकाऱ्यांनीं तें मान्य करून एका पानाच्या मोजक्या सूचना दिल्या. कांहीं रोपें मेलीं. जीं वांचलीं त्यांस २०१६ च्या जानेवारींत फूल आलें.

उपदेशक बंधूंनो, पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें, परंतु वाढ देवाची, हें आपण नेहमीं शिकवितों. पण ह्यावरून न पाहतां पाणी घालण्याची मोकळीक मिळत नाहीं. एका नव्या विश्वासी कुटुंबास शिक्षण हवें असतें. दुसऱ्याच्या घरीं आजार अथवा कर्ज असतें, आणि तेथें बोध करण्याआधीं शेजारीं बसणें हवें असतें. दर शनिवारीं तोच उपदेश सर्व घरीं ओतला, तर आमच्या वहींत भेटींची संख्या भरेल, पण रोप कुजेल.

ह्या आठवड्यांत प्रत्येकानें एका घरीं तयार उपदेश न नेतां जावें. प्रथम पाहावें, ऐकावें, मग बोलावें. आणि झिनियाचीं फुलें झाडावरच वाळलीं म्हणजे त्यांतील बीं काढून, कोरड्या जागीं जपून, पुढील हंगामीं त्याच घरीं मूठभर द्यावें.