शॉक अॅब्सॉर्बर धक्का शोषतो का?

हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर माशांचे ढीग, आणि लिलाव आटोपला की टोपल्या नि खोकी घेऊन गाड्या दापोलीच्या चढाला लागतात. त्यांत एखादी जुनी येझदी मोटारसायकल आहे असे समजू. मागे मासळीचे खोके बांधलेले, त्यातून बर्फाचे खारट पाणी ठिबकते आहे. वाटेत खड्डा येतो. गाडी दबते, वर उसळते. इथपर्यंत ठीक. पण खड्डा मागे पडून बरेच अंतर गेले तरी गाडी वरखाली डुलतच राहते! तेवढ्यात वळण आले आणि मागचे चाक क्षणभर रस्ता सोडून वर गेले, तर? हवेतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही.

मेकॅनिक लगेच सांगेल, "शॉकअप गेलेत." बरोबर आहे. पण गेले म्हणजे काय झाले?

येथे नावामुळे एक घोटाळा होतो. शॉक अॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. खरे तर धक्का झेलते ती स्प्रिंग. तिच्या आत किंवा शेजारी तेलाने भरलेली नळी असते, तिचे काम वेगळे आहे. स्प्रिंगने एकदा ऊर्जा घेतली की ती परत देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. हे देणेघेणे थांबवणे हे नळीचे काम. याला अवमंदन म्हणतात. इंग्रज लोक या भागाला 'डॅम्पर' म्हणतात, आणि मला ते नाव अधिक प्रामाणिक वाटते.

थोडे गणित करू. समजा, मागच्या स्प्रिंगांवर माणूस, मासळी आणि गाडी मिळून १२० किलोग्रॅमचा भार आहे आणि त्याने त्या ४ सेंटिमीटर दबल्या आहेत. अशा भाराचा आवर्तकाल २π × √(०.०४ ÷ ९.८), म्हणजे सुमारे ०.४ सेकंद येतो. आता गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे. ०.४ सेकंदात ती ४ मीटर जाते. रस्त्याला दर ४ मीटरवर उंचवटे असतील, तर प्रत्येक उंचवटा गाडीला नेमक्या वेळी ढकलेल. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत गेले की झोका वाढतो, तसेच हे. अवमंदन नसेल तर डुलणे वाढतच जाईल.

ही ऊर्जा जाते कुठे? डॅम्परच्या नळीत एक दट्ट्या असतो व त्याला बारीक भोके असतात. दट्ट्या सरकला की तेलाला या भोकांतून घुसावे लागते. तेल घुसळून निघते आणि ऊर्जेची उष्णता होते. आपल्या उदाहरणातल्या स्प्रिंगा समतोल स्थितीपासून आणखी ३ सेंटिमीटर हलल्या, तर सुमारे १३ जूल ऊर्जा येते. सेकंदाला असे दोन धक्के बसले तर २६ वॅट झाले, म्हणजे एखादी छोटी डाग देण्याची कावी! एवढी उष्णता थोड्याशा तेलात उतरते. म्हणून तेल तापते, पातळ होते आणि लांबच्या प्रवासात गाडी जरा अधिक डुलू लागते.

हे हातांनी अनुभवायचे असेल तर सुया काढलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा. त्यांत पाणी भरा आणि एकीचा दट्ट्या दाबा, दुसरीचा वर येईल. हळू दाबा, मग झटक्याने दाबा. पाण्याऐवजी खोबरेल घालून पाहा. नळी चिमटीत धरून पाहा. शेवटी मुद्दाम हवेचा एक मोठा बुडबुडा आत राहू द्या. आता दट्ट्या आधी स्पंजासारखा दबेल आणि नंतर तेल हलेल. जुन्या डॅम्परमध्ये तेल कमी होऊन फेस झाला की हेच घडते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या बनत. तो १९९६ साली बंद पडला. येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्या वेगळ्या. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक बहुधा मूळ डॅम्परच दुरुस्त करून घेऊ पाहतो. त्या काळचे बरेच डॅम्पर आटे सोडवून उघडता येत, ही त्याची सोय. (आज अनेक डॅम्परमध्ये दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो. ते उघडायचा किंवा त्यांना भोक पाडायचा प्रयत्न कधीही करू नका. दाबलेली स्प्रिंगसुद्धा योग्य साधनाशिवाय सोडवू नये, ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.)

उघडल्यावर काय दिसते? काळे पडलेले, धातूची चमचम असलेले तेल. हर्ण्यासारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट दिसते. चकचकीत दांड्यावर गंजाचे बारीक खळगे. क्रोमियमच्या मुलाम्यात सूक्ष्म चिरा असतात. खारे पाणी त्यांतून आत शिरते आणि खालचे पोलाद गंजते. खळग्याची कड कानशीसारखी असते, गाडी दबताना प्रत्येक वेळी ती रबराचे ऑइल सील खरवडते. अशा दांड्यावर नुसते नवे सील बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. दांड्याला पुन्हा कठीण क्रोम चढवून तो ग्राइंडिंग करून घ्यावा लागतो, किंवा बदलावा लागतो.

दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाही, पण तीच जास्त महत्त्वाची. दट्ट्या आणि नळी यांच्यात किंचित फट असते. अशा अरुंद फटीतून जाणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०५ मिलिमीटरची ०.१० मिलिमीटर झाली की गळती दुप्पट नव्हे, आठपट! मग भोके कितीही नेमकी असली तरी तेल कडेने निसटते. पुष्कळजण यावर उपाय म्हणून जाड इंजिन ऑइल ओततात. गाडी थंड असताना बरे वाटते, तेल तापले की पुन्हा पहिले पाढे. झिजलेला बुश लेथवर नवा करून बसवणे हाच खरा इलाज.

पुढच्या फोर्कात काहीजण मापापेक्षा जास्त तेल भरतात. तेलाच्या वर हवा ठेवलेली असते, तीही स्प्रिंगचे काम करते. हवेचा स्तंभ १५ सेंटिमीटर असेल आणि फोर्क १० सेंटिमीटर दबला, तर बॉइलच्या नियमाने दाब तिप्पट होतो. जास्त तेलाने स्तंभ १२ सेंटिमीटरच उरला असेल, तर तेवढ्याच दबण्याने दाब सहापट होईल. मग सील टिकणार कसे?

आता सुधारणेकडे वळू. मोटारसायकलींच्या घाऊक उत्पादनात तेलाचे अवमंदन असलेला टेलिस्कोपिक फोर्क १९३५ साली बी. एम. डब्ल्यू. ने प्रथम आणला. त्याआधी घर्षणाच्या चकत्या वापरत. तेलाच्या साध्या भोकाचा मात्र एक दोष आहे. आखूड भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दट्ट्याचा वेग पाचपट झाला की विरोध पंचवीसपट. म्हणून संथ डुलण्याला फोर्क जवळजवळ अडवतच नाही, आणि तीक्ष्ण खड्ड्यात तोच फोर्क लोखंडी गजासारखा ताठ होतो! भोक लहान केले तर दुसरा त्रास वाढतो, मोठे केले तर पहिला.

यातून सुटका झडपेने होते. दबण्याच्या बाजूची भोके मोठी करतात आणि त्यांच्यावर छोट्या स्प्रिंगने दाबलेली झडप बसवतात, तिच्यात एक बारीक भोक ठेवतात. संथ हालचालीत तेल या बारीक भोकातून जाते. खड्ड्यात दाब वाढला की झडप उचलली जाते आणि तेलाला मोठी वाट मिळते. परतीच्या हालचालीत, स्प्रिंग आपली साठवलेली ऊर्जा सोडत असते तेव्हा, विरोध अधिक लागतो, म्हणून ती वाट वेगळी ठेवलेली असते.

पण बदल एका वेळी एकच करावा. तेल, झडप आणि स्प्रिंग एकदम बदलली, तर गुण कशाचा हे कळणार नाही. मडगार्डला पेन्सिल बांधा, ती टेकेल असा कागद लावलेली फळी शेजारी धरा. गाडी दाबून सोडा आणि फळी एकसारख्या वेगाने आडवी सरकवा. कागदावर लाटा उमटतील. लागोपाठच्या दोन शिखरांची उंची मोजा. दुसरे पहिल्याच्या निम्म्याहून उंच असेल तर डॅम्पर थकला आहे. सुधारलेल्या डॅम्परमध्ये ते सातव्या हिश्शाच्या आसपास आले, तर काम चांगले झाले.

दापोली हर्ण्याहून सुमारे १५ किलोमीटर. तिथे पोचल्यावर मागच्या दोन्ही डॅम्परांना हात लावून पाहा (सायलेन्सर तापलेला असतो, तो टाळून). दोन्ही कोमट लागले तर तेल राबते आहे. एक कोमट आणि दुसरा गार लागला, तर गार असलेला उघडा.