होडीची मोटार अडखळते तेव्हा

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील सानपाडा हे आज नवी मुंबईचे एक गजबजलेले उपनगर म्हणून ओळखले जाते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी सुरू झाली. त्यापूर्वी या तीरावर वाशी, सानपाडा, सारसोळे, करावे, दिवाळे अशी आगरी-कोळी वस्त्यांची रांग होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर तेथील कुटुंबांचा चरितार्थ चाले. इमारतींच्या आड गेलेला खाडीचा व्यवसाय अद्याप पुरता संपलेला नाही. लाकडी होडीच्या जागी फायबरची होडी आली आणि वल्ह्याच्या जोडीला मागच्या फळीवर लटकणारी लहान पेट्रोल मोटार आली, एवढेच. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशी मोटार विक्रीस आणली. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा ही तिची मूळ मांडणी आजही तशीच आहे.

ही मोटार एकसारखी न चालता अडखळू लागली, कारागिरांच्या भाषेत ‘मिसिंग मारू लागली’, तर रस्त्यावरील वाहनाप्रमाणे ती बाजूला उभी करता येत नाही. ठाणे खाडीत दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढ मोठा असतो आणि वाशीच्या पुलांच्या खांबांमध्ये तो अधिकच जोर धरतो. तेथे मोटार बंद पडली की होडी खांबावर आदळण्याचे भय असते. ओढातून ती वाचली, तरी पाणी उतरल्यावर गाळावर रुतते आणि पुढची भरती येईपर्यंत माणसांना त्या दलदलीत उतरताही येत नाही. पकडलेली मासळी तोवर उन्हात खराब होते. म्हणून अडखळण्याची पहिली खूण ओळखणे आणि तिचे कारण किनाऱ्यावरच शोधणे यास महत्त्व आहे.

स्क्रू सर्वांत शेवटी

मोटार नीट चालेनाशी झाली की हात प्रथम कार्बुरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो थोडा फिरवला की आवाज सुधारतो आणि दुरुस्ती झाल्याचे समाधान मिळते. बहुतेक वेळा हे समाधान फसवे असते. इंधनाच्या नळीतून हवा आत शिरत असेल, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. स्क्रू फिरवल्याने संथ गतीत ते झाकले जाते. भरधाव गतीत मात्र मिश्रण पातळच राहते. दोन फेऱ्यांच्या इंजिनात, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये, वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. तेथे इंधन कमी पडले की वंगणही कमी पडते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. ज्या दोषाला नळीवरचा एक क्लिप पुरला असता, त्यासाठी मग संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

तेव्हा स्क्रूला हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: मोटार अडखळते ती नेमकी केव्हा?

संथ चालताना अडखळते, पण वेग दिल्यावर सुरळीत होते, असे असेल तर कार्बुरेटरमधील संथ गतीच्या बारीक जेटमध्ये कचरा बसल्याचा संशय घ्यावा. जाळे टाकताना मोटार तासन् तास मंद ठेवली जाते, त्यामुळे प्लग काळे व तेलकट होऊनही हाच परिणाम दिसतो.

याच्या उलट, मंद गतीत ठीक आणि वेग देताच गुदमरते, असे असेल तर इंधन पुरेसे पोहोचत नाही हे उघड आहे. अशा वेळी टाकी व मोटार यांमधील हाताने दाबावयाचा रबरी फुगा हे उत्तम परीक्षायंत्र ठरते. मोटार गुदमरत असताना फुगा दाबावा. ती लगेच सावरली, तर बिघाड कार्बुरेटरच्या आधीच, टाकी, नळी, फिल्टर किंवा इंधनपंप यांपैकी कोठेतरी आहे असे समजावे. फुगा चपटा होऊन तसाच राहिला, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूस आहे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर कोठून तरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातील झडप निकामी झाली आहे.

दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून मग मंदावते, ही तक्रार निराळी. सर्वांत आधी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केलेला असतो आणि समुद्रात उघडावयाचा राहतो. टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल येणे थांबते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर दुसरे काही शोधण्याचे कारण नाही. हा स्क्रू उघडाच असेल, तर मोटार तापते का, हे पाहावे. चालत्या मोटारीच्या मागील छिद्रातून पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल, तर थंडाव्याच्या मार्गात गाळ किंवा मीठ साचले आहे किंवा आतील रबरी इम्पेलर झिजला आहे. खाडीच्या गढूळ पाण्यात हे नेहमीचेच असल्याने, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून मोटार काही मिनिटे चालवावी. पाण्याशिवाय ती क्षणभरही चालवू नये. कोरडा इम्पेलर लगेच फाटतो.

मंद असो वा भरधाव, सर्वच वेगांत सारखा खंड पडत असेल, तर एखादा सिलिंडर पेटत नसावा. दोन सिलिंडरच्या मोटारीत मोटार बंद करून दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर प्लग बदलला की काम झाले. न गेल्यास वायर किंवा कॉइल तपासावी लागेल. काढलेल्या प्लगाचा रंगही पुष्कळ सांगतो. फिका तपकिरी चांगला. काळा व ओला म्हणजे इंधन किंवा तेल जास्त, अथवा ठिणगी नाही. पांढरा पडलेला म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन अतितप्त. चालत्या मोटारीची प्लगवायर उपसून परीक्षा घेण्याची जुनी सवय सोडावी. तिने झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणाही निकामी होऊ शकते.

कधी इंजिनात काहीच बिघाड नसतो. पंख्याला प्लॅस्टिकची पिशवी किंवा तुटक्या जाळ्याचा धागा गुंडाळला तरी होडी थरथरते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण होडी पुढे जात नाही, तेव्हा पंख्याच्या मधले रबरी बूच सरकलेले असते. मोटार बंद करून व सुरक्षा-दोरी काढूनच पंख्याला हात लावावा.

पेट्रोलमधील पाणी

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक नाजूक झाला आहे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये, तर २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. ऊस व धान्य पिकविणाऱ्या राज्याच्या दृष्टीने हे धोरण महत्त्वाचे आहे. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि खाडीवरील दमट हवेत अर्धी रिकामी टाकी पाणी जमविण्यास पुरेशी असते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकचे तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते, त्यामुळे इंजिनात वंगणाविना पाणी शिरते. बाह्य मोटारींच्या बहुतेक निर्मात्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच मुभा आहे, याची जाणीव ठेवून आपल्या मोटारीची पुस्तिका अवश्य पाहावी.

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळातील थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. गढूळपणा किंवा खालचा वेगळा थर दिसला तर ते सर्व इंधन बाजूला काढावे. त्यात ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. शिक्षकांना हेच विज्ञान दाखवावयाचे असल्यास उघड्या जागेत, ज्योतीपासून दूर, मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी हलवून ठेवावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर खालचा थर १० वरून तीसच्या आसपास चढतो. हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच करावा, विद्यार्थ्यांनी अंतरावरून पाहावा.

बंदीनंतरची पहिली फेरी

जून-जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात उतरतात, आणि मोटारी अडखळण्याच्या तक्रारी याच वेळी वाढणे स्वाभाविक आहे. दोन महिने कार्बुरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून चिकट राळ उरते व जेट बंद होतात. बंदीपूर्वी टाकीची नळी काढून मोटार आपोआप थांबेपर्यंत पिंपात चालवली, तर कार्बुरेटर रिकामा होतो. नव्या इंधनात तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ५०:१ सांगितले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतलेले जादा तेल प्लग काळे करते.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत मच्छीमार तरुणांना नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकविली जाते. लहान पेट्रोल मोटारीचे ज्ञान मात्र पुष्कळदा बापाकडून मुलाकडे, ऐकीव स्वरूपात जाते, आणि त्याबरोबर स्क्रू फिरवण्याची सवयही जाते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना व मच्छीमार सहकारी संस्थांना बंदीच्या काळात एखादा दिवस यासाठी देता येईल. एक जुनी मोटार, पाण्याचे पिंप, काचेची बाटली आणि प्लगांचा एक जोड एवढे साहित्य त्यास पुरते. प्रत्येक होडीत मात्र जादा प्लग, फिल्टर, नळीचे क्लिप, पाना आणि वल्ही कायम असावीत.

बाजूला काढलेले खराब पेट्रोल खाडीत ओतण्याची पद्धत अद्याप दिसते. वाशी व ऐरोलीच्या पुलांमधील खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला असून २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सानपाड्याच्या किनाऱ्यावर सांडलेला तवंग भरतीबरोबर थेट तिकडे, तिवरांच्या मुळांशी आणि मासळीच्या पिलांपाशी जातो. असे इंधन झाकणाच्या डब्यात किनाऱ्यावर आणून ठेवावे आणि धोकादायक टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे.