लेहचे ऊन आणि लेहची महागाई

लडाखमधील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे पाऊस फार थोडा पडतो आणि वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन असते. मग हिवाळ्यात तेथे ताजी भाजी इतकी महाग का? श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता ४०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा असून तो झोजी ला ही खिंड ओलांडतो. बर्फाने खिंड बंद पडली, की ताजी भाजी विमानाने आणावी लागते. तो खर्च अखेर गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. म्हणून लडाखी गृहिणी उन्हाळ्यातच जर्दाळू व पालेभाज्या उन्हात वाळवून ठेवते. बटाटे व सलगम जमिनीत खड्डा करून पुरते. मुलांनो, वस्तूच्या किमतीत वाटेचीही किंमत मिसळलेली असते. ऊन मात्र लेहला घरपोच आणि विनामूल्य मिळते; तेथील माणसे ते वाया जाऊ देत नाहीत.